श्रद्धासमर्थनाचा पदव्युत्तर अभ्यास: नोकरी सोडण्याआधी काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नागपूरची, वय २६, वाणिज्य शाखेची पदवीधर. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करते आणि आमच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते. बँकेतले सहकारी आणि शेजारीपाजारी माझ्या विश्वासाबद्दल जे विचारतात, त्याचे नीट उत्तर मला देता येत नाही. एका अमेरिकन संस्थेचा अपॉलॉजेटिक्समधला, म्हणजे श्रद्धासमर्थनातला, दोन वर्षांचा ऑनलाइन एम.ए. करावा, की नोकरी सोडून भारतातच सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत) जावे? या पदव्यांना मान्यता असते का? आणि पुढे काय?"

तुम्ही कर्ज विभागात काम करता ही गोष्ट तुम्ही ओळख म्हणून सहज लिहून गेलात, पण मी तिथूनच सुरुवात करतो. सोमवार ते शनिवार तुम्ही 'तारण' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारता: सोनेतारण, घरतारण, तारणाचे मूल्यांकन, विनातारण कर्ज. रविवारी तोच शब्द तुम्ही उपासनेत वेगळ्याच, उद्धाराच्या अर्थाने गाता. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तुम्ही "येशूने माझे तारण केले" असे सांगितले, तर त्याच्या कानावर नेमके काय पडते? माझ्या एका विद्यार्थ्याला एका सराफाने अगदी निरागसपणे विचारले होते, "म्हणजे गहाण ठेवलं?" विद्यार्थी हिरमुसला. मी त्याला म्हटले की सराफाने तुझे काम निम्मे करून दिले आहे, आता इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय उघड. तिथे येशूला अधिक चांगल्या कराराचा 'जामीन' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द 'एंग्युओस' हा व्यवहारातला, कायद्यातला शब्द आहे, आणि दुसऱ्याच्या देण्यासाठी जो स्वतःला बांधून घेतो त्याच्यासाठी तो वापरला जात असे. जामीनदाराची सही घेताना माणसाचा चेहरा कसा होतो हे तुम्ही रोज पाहता. त्या वचनावर बोलण्याची तुमची तयारी माझ्यापेक्षा अधिक आहे, फक्त ती तयारी आहे हे तुम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही.

ज्या अभ्यासाबद्दल तुम्ही विचारत आहात, त्यातले निम्मे काम हेच आहे: आपल्या श्रद्धेचा शब्द ऐकणाऱ्याच्या कानात काय होऊन पोहोचतो हे तपासणे आणि मग तो शब्द मूळ भाषेपर्यंत, इतिहासापर्यंत मागे नेऊन पाहणे. उरलेले निम्मे काम म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे. कोणताही अभ्यासक्रम निवडताना या दोन गोष्टी तिथे शिकवल्या जातात का, एवढेच मी पाहतो. संस्थेचे नाव, परदेशी शिक्का आणि संकेतस्थळावरची छायाचित्रे यांचा विचार त्यानंतर करावा.

आधी विषयाची व्याप्ती सांगतो, कारण नावांमुळे गोंधळ होतो. 'ख्रिस्ती विचार' हे मोठे घर आहे. त्यात पवित्र शास्त्राचा अभ्यास, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी), नीतिशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अन्य धर्मांचा अभ्यास असे दालनामागून दालन आहे. श्रद्धासमर्थन, म्हणजे अपॉलॉजेटिक्स, ही त्या घराची ओसरी म्हणता येईल, कारण बाहेरचा माणूस येतो तो तिथे. मूळ ग्रीक शब्द 'अपोलोगिया' हा न्यायालयात आरोपीने केलेल्या निवेदनाचा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत तो येतो, आणि आमच्याकडे ती ओवी भिंतीवर लावायची पद्धत आहे. ती लावणाऱ्यांपैकी बहुतेकजण पहिला भाग मोठ्या अक्षरांत छापतात, म्हणजे तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा. शेवटचे दोन शब्द मात्र बारीक होतात: 'प्राउतेस', म्हणजे सौम्यता, आणि 'फोबोस', म्हणजे भय. वादविवादात जिंकणाऱ्या माणसाकडून या दोन गोष्टींची अपेक्षा कोणी करत नाही, आणि पत्र नेमकी तीच करते.

या परंपरेचे थोर ग्रंथ तुम्हाला अभ्यासक्रमात भेटतीलच. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून लिहिलेले समर्थन, तिसऱ्या शतकात ओरिजेनने सेल्सस या ख्रिस्ती धर्माच्या विरोधकाच्या टीकेला दिलेले ओळीओळीचे उत्तर, ऑगस्टिनचा ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेला 'ईश्वराचे नगर' हा ग्रंथ, आणि तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस. ओरिजेनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला, आणि आज तो आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः ओरिजेनने उत्तर देताना त्यातले उतारे इतक्या प्रामाणिकपणे दिले म्हणून. विरोधकाचे म्हणणे त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या पुस्तकात जिवंत राहिले. त्याचबरोबर हेही शिकायला मिळेल की ख्रिस्ती विचारवंतांचे या विषयाच्या गरजेवरच एकमत नाही. १९३४ साली कार्ल बार्थ या स्विस ईश्वरविज्ञान्याने आपला समकालीन एमिल ब्रुनर याला दिलेल्या उत्तराच्या पुस्तिकेचे शीर्षकच 'नाही!' असे होते, कारण देवाविषयीचे ज्ञान मानवी बुद्धीच्या पायावर उभारण्याचा प्रयत्नच त्याला मान्य नव्हता. जो अभ्यासक्रम तुम्हाला बार्थ वाचायला न लावता श्रद्धासमर्थनाची पदवी देतो, त्याच्याकडे मी थोड्या संशयाने पाहतो.

आता अमेरिकन ऑनलाइन एम.ए.चे बोलू. त्यातले चांगले अभ्यासक्रम खरोखर चांगले आहेत. तर्कशास्त्र, विश्वाच्या आरंभावरून देवाच्या अस्तित्वाकडे नेणारा युक्तिवाद, दुःखाचा प्रश्न, येशूच्या पुनरुत्थानाची ऐतिहासिकता, विज्ञान आणि श्रद्धा हे सर्व तिथे शिस्तीने शिकवतात. अडचण एवढीच की त्या अभ्यासक्रमाच्या मनात जो प्रश्नकर्ता आहे तो बहुधा चर्चमधून बाहेर पडलेला, विज्ञान शिकलेला पाश्चात्त्य नास्तिक आहे. तुमचा प्रश्नकर्ता नागपूरच्या इंदोरा, महाल किंवा धरमपेठ या वस्त्यांत राहतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, मी दीक्षाभूमीच्या परिसरातल्या एका पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहून एका वयस्क विक्रेत्याशी वाद घालू लागलो. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे, असा पाठ केलेला युक्तिवाद मी त्यांना ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, एका मुलाला पुस्तक बांधून दिले, सुटे पैसे परत केले आणि मग विचारले, "'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलंय का तुम्ही?" मी वाचलेले नव्हते. "मग पहिले ते वाचा. आम्ही देव कोणी केला म्हणून भांडत नाही आहोत. माणसानं माणसाशी कसं वागावं, ते आमचं पहिलं. तुमच्या चर्चमध्ये जात आहे का, ते सांगा." मी काहीतरी पुटपुटलो. खरे उत्तर 'आहे' हे होते आणि ते मला माझ्याच मंडळीतल्या सोयरिकींवरून ठाऊक होते. पुस्तक मात्र मी त्यांच्याकडूनच विकत घेतले.

त्या एका प्रसंगात माझ्या शिक्षणातली दोन छिद्रे उघडी पडली. पहिले म्हणजे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात जे घडले त्याची वैचारिक बाजू मला माहीतच नव्हती. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी प्रतिज्ञा देवाने अवतार घेतल्याचे नाकारणारी आहे. जी व्यक्ती ती प्रतिज्ञा मनापासून पाळते, तिच्यासमोर "देव मनुष्य झाला" हे वाक्य आपण उच्चारतो तेव्हा तिच्या दृष्टीने आपण नेमके तेच सांगत असतो जे तिने जाणीवपूर्वक सोडून दिले आहे. ख्रिस्ती देहधारण आणि अवतार यांत फरक आहे. ते एकदाच घडलेले आहे, इतिहासातल्या एका ठिकाणी आणि काळात घडलेले आहे, आणि त्यात खरे मरण आहे. परंतु हा फरक मराठीत, आवाज न चढवता, पाच मिनिटांत समजावून सांगता येणे ही कमावण्याची गोष्ट आहे. आणि तो सांगून झाल्यावरही समोरचा "तरी मला ते पटत नाही" म्हणू शकतो, हे गृहीत धरावे लागते. दुसरे छिद्र अधिक अवघड जागचे. बाबासाहेबांनी भारतातल्या ख्रिस्ती समाजाविषयी जे लिहिले, विशेषतः धर्मांतरानंतरही जात सुटली नाही आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज पुरेसा बोलला नाही हा आक्षेप, तो महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. हा आक्षेप युक्तिवादाने परतवता येत नाही. माझ्या मते नागपुरात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांत ती पाने वाचली पाहिजेत.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे समजू नका. मराठी माणसांनी ते फार मोठ्या पातळीवर केले आहे, आणि दोन्ही बाजूंनी केले आहे. १८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती धर्माच्या बाजूने लिहिला. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यातले सर्वांत तरुण होते काशीत वाढलेले मराठी चित्पावन नीळकंठ गोरे. त्यांच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या उत्तराचा काळ १८४४ च्या आसपासचा आहे. त्या वादात जे मुद्दे आले ते आजही जसेच्या तसे आहेत. जन्मतः एक मूल निरोगी आणि एक आंधळे का, पूर्वकर्म मानले नाही तर ही विषमता न्यायी देवाशी कशी जुळवायची? तुमच्या बँकेतल्या एखाद्या वारकरी सहकाऱ्यानेही तुम्हाला हेच विचारले असेल, वेगळ्या शब्दांत.

गोऱ्यांची पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० च्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा ख्रिस्ती बाजूने केली. धर्मांतराची कथा म्हणून मी ती सांगत नाही. मला त्यांच्याबद्दल महत्त्वाचे वाटते ते हे की त्या पुस्तकातली पूर्वपक्षाची, म्हणजे ज्याला उत्तर द्यायचे त्या मताची, मांडणी आतून आलेली आहे. ज्या मताचे त्यांनी खंडन केले त्यात ते वाढले होते, आणि ज्या मताच्या बाजूने ते बोलत होते त्याच्यावर त्यांनी स्वतः एकेकाळी हल्ला केला होता. त्यांच्या निष्कर्षांशी तुम्ही सहमत व्हा अथवा नका होऊ (मी स्वतः अद्वैताविषयीच्या त्यांच्या काही प्रकरणांशी नाही), पण त्यांच्याइतके दोन्हीकडचे ऐकून लिहिणारा माणूस आजच्या व्हिडिओंच्या काळात शोधून सापडत नाही. त्याच शतकात मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते, ख्रिस्ती बाजूने बाबा पदमनजी लिहीत होते. हा मुंबईचा ऐवज बहुतांश मराठीत आहे आणि आपल्या सेमिनरींत तो फार थोडा शिकवला जातो, ही माझी जुनी तक्रार आहे.

आणि नागपूरचे म्हणाल, तर कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या गाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाशी बोलत बसले होते. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी विद्यार्थ्यांना विचारतो की त्या डब्यात कोणता युक्तिवाद झाला? जे वृत्तांत आहेत त्यांत गप्पा आहेत, काव्य आहे, आस्था आहे, वाचण्याचे वचन आहे. त्याच्याही तीस वर्षे आधी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या शहरात १८८३ पासून आहे, गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाणी त्यांच्या प्रधान नावाच्या गायकांकडून ऐकून उतरवून घेत होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बुडून त्यांचा मृत्यू झाला, आणि ते कागद त्यांच्या पश्चात १८६६ साली छापले गेले. प्रतिपादनाआधी इतके ऐकून घेणारा मिशनरी त्या काळात सरसकट सापडत नव्हता, आजही सापडत नाही.

आपल्या तर्कपरंपरेने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते न्यायसूत्रांत आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद तत्त्व कळावे म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्षच न मांडता फक्त समोरच्याचे खोडत राहणे. माझ्या वर्गात यासाठी एक ठरलेला स्वाध्याय असे. विद्यार्थ्याने अन्य परंपरेची एक भूमिका, उदाहरणार्थ अनात्मवाद (नित्य आत्मा नाही हे बौद्ध मत) किंवा कर्मसिद्धान्त, तीन पानांत लिहायची आणि ती त्या परंपरेतल्या जाणकारासमोर वाचायची. खंडनाची एक ओळही त्यात चालत नसे. एकदा पालीच्या एका अभ्यासकांना मी बोलावले होते. विद्यार्थ्याने लिहिले होते, "बौद्ध मतानुसार काहीच अस्तित्वात नाही." पाहुण्यांनी पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "हे वाक्य माझं नाही. कोणाचं आहे?" विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले की ते एका इंग्रजी श्रद्धासमर्थनाच्या पाठ्यपुस्तकातून घेतले आहे. तीन पाने तीनदा लिहून झाली तेव्हा कुठे पाहुणे म्हणाले, "हां, आता हे माझं." त्या विद्यार्थ्याचे उत्तरपक्षाचे प्रकरण पुढे वर्गात सर्वांत चांगले झाले, कारण आता तो ज्या गोष्टीला उत्तर देत होता ती खरोखर कोणीतरी म्हणत होते.

आता व्यवहाराकडे वळतो. भारतात प्रॉटेस्टंट बाजूला मुख्य चौकट बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची आहे. ते कॉलेज १८१८ मध्ये सुरू झाले, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ च्या बंगाल कायद्यान्वये तिथल्या सिनेटला ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देण्याचा अधिकार नक्की झाला. या सिनेटशी संलग्न सेमिनरींत बी.डी. (ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी), त्यानंतर दोन वर्षांचे एम.टीएच. (पदव्युत्तर पदवी), पुढे डॉक्टरेट अशी वाट आहे. पदवीधराला बी.डी.साठी साधारण चार वर्षे धरावीत. त्यात हिब्रू आणि ग्रीक येते, आणि माझा आग्रह आहे की निदान एक मूळ भाषा शिकल्याशिवाय या विषयात कोणी पुढे जाऊ नये. एम.टीएच.मध्ये श्रद्धासमर्थन नावाची वेगळी शाखा शोधत बसू नका. तुमचा विषय 'ख्रिस्ती ईश्वरविज्ञान' किंवा 'धर्म' या शाखांत बसतो, आणि माझ्या मते दुसऱ्या शाखेत अधिक चांगला बसतो. आपल्याला जवळची म्हणजे पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. बंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासूनचे आहे. नोकरी न सोडता सुरुवात करायची तर सिनेटच्याच बाह्य अभ्यासक्रमांतून बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) करता येते. त्यात सेमिनरीचे सहजीवन मिळत नाही, पण वाचनाची शिस्त लागते आणि आपल्याला हे खरोखर झेपते का ते कळते.

कॅथलिक परंपरेची पद्धत वेगळी आहे. सेमिनरी हिल्स हे नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडले ती धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी आहे. पुण्याचे ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ) तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान या दोन्हींत भक्कम आहे, आणि तिथल्या ग्रंथालयात भारतीय दर्शनांवरचा संग्रह पाहण्यासारखा आहे. तुम्ही प्रॉटेस्टंट असलात तरी तिथे जाऊन वाचायला काहीच हरकत नाही.

मान्यतेचा प्रश्न बऱ्याचजणांना नंतर भोवतो, म्हणून तो स्पष्ट करतो. 'मान्यता' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. विद्यापीठ कायद्याखालची पदवी ही एक, सेरामपूरसारखी स्वतंत्र कायद्याखालची पदवी दुसरी, एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या सेमिनरींच्या आपसातल्या संघटनेचे मूल्यांकन तिसरे, आणि परदेशातल्या मूल्यांकन संस्थेचा शिक्का चौथा. तिसरे आणि चौथे हे शैक्षणिक दर्जाचे चांगले निदर्शक असू शकते, मंडळ्या आणि सेमिनरी ते मानतात, परंतु त्यावर सरकारी कॉलेजात प्राध्यापकी किंवा विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळेलच असे नाही. परदेशी पदवीच्या समकक्षतेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाकडे (२०२५ पर्यंत हे काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत असे), आणि जिथे पुढे शिकायचे त्या विद्यापीठाकडे, शुल्क भरण्याआधी लेखी विचारणा करा. तोंडी उत्तर घेऊ नका. माझ्या परिचयातल्या एका तरुणाने घरचे सोने मोडून एका परदेशी संस्थेची ऑनलाइन पदवी घेतली, आणि नंतर कळले की त्या संस्थेला मूल्यांकन देणारी संस्था तिच्याच संस्थापकांनी काढलेली होती. कर्ज विभागातल्या माणसाला कागदपत्रे तपासणे शिकवावे लागू नये.

सरकारी विद्यापीठाची पदवी हवीच असेल तर मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. पण तुमच्या परिस्थितीत मी आणखी एक वाट सुचवतो, जी सेमिनरीवाले सहसा सुचवत नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा, पाली-प्राकृतचा आणि आंबेडकर विचारधारेचा असे विभाग आहेत. यांपैकी एका विषयाचे शिक्षण घेत घेत, घरी राहून, सेरामपूरचा बाह्य अभ्यासक्रम संथपणे करता येतो. पाली वर्गात तुमच्या बाकावर जे बसतील त्यांच्याकडून जे शिकाल ते कोणत्याही ऑनलाइन अपॉलॉजेटिक्सच्या वर्गात शिकायला मिळणार नाही. त्या वर्गात समर्थक म्हणून बसू नका, विद्यार्थिनी म्हणून बसा. परीक्षेत चांगले गुण मिळवा. तिथल्या मित्रमैत्रिणींना तुमचा छुपा हेतू आहे असे कधीही वाटता कामा नये, आणि तसे वाटू नये याचा एकच उपाय म्हणजे तो नसणे. इथे कायद्याचेही भान असावे. १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातला प्रसाराचा अधिकार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा अधिकार, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नव्हे. हा निकाल या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा.

भाषेबद्दल: ईश्वरविज्ञानाचे पदव्युत्तर वाचन इंग्रजीतच आहे, त्याला पर्याय नाही. पण नोंदवही मराठीत ठेवा. प्रत्येक संकल्पनेसाठी मंडळीत रूढ असलेला मराठी शब्द, त्याचा व्यवहारातला अर्थ, मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द आणि शेजाऱ्याला तो कसा ऐकू येतो, असे चार रकाने करा. 'तारण' तुमच्याकडे आहेच. पुढचे शब्द घ्या: नवा जन्म (पुनर्जन्म मानणाऱ्याला हा शब्द काय सांगतो?), पाप, कृपा, त्रैक्य, करार. अशा पन्नास शब्दांची नीट केलेली वही म्हणजे उद्याच्या एम.टीएच. प्रबंधाचे निम्मे साहित्य असते, आणि विदर्भातल्या मंडळ्यांच्या भाषेवर असा प्रबंध व्हावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर थोडके आहे, कारण संधीही थोडक्या आहेत. सेमिनरीत शिकवणे, मंडळीत पाळकीय सेवा, ख्रिस्ती प्रकाशनांत संपादन-भाषांतर, आणि आपल्या शहरातच मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियासारख्या संस्थांचे कार्यक्रम. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जी २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच नागपुरात स्थापन झाली, स्त्रियांनाही पाळक म्हणून दीक्षा देते. सेमिनरीतले वेतन बँकेतल्या वेतनाच्या जवळपास जात नाही हे घरच्यांना आधीच सांगा. अनेकजण नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी हे काम करतात आणि ते कमी प्रतीचे होते असा माझा अनुभव नाही.

म्हणून माझा सल्ला असा: एक वर्ष राजीनामा देऊ नका. या वर्षात बी.सी.एस.ची नोंदणी करा, पाली किंवा तत्त्वज्ञान विभागात चौकशी करा, आणि वर सांगितलेला तीन पानांचा स्वाध्याय एकदा करून पाहा. बँकेतल्या त्या सहकाऱ्याचा, ज्याला तुम्हाला उत्तर देता आले नाही, प्रश्न घ्या. त्याचे म्हणणे त्याच्याच बाजूने, पूर्ण ताकदीने लिहा. जेवणाच्या सुट्टीत त्याला वाचून दाखवा आणि "यात माझं काय चुकलं?" एवढेच विचारा. तो जे खोडेल त्याच्यासकट ती पाने मला पाठवा. सेमिनरीच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लागते, आणि ते लिहिताना मला तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा त्या पानांचा अधिक उपयोग होईल.